तिकोनी सोयरीक

माझं लग्न कापडाच्या एका तिकोनावरून ठरलं, असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं म्हातारी गंमत करते. गंमत नाही. त्या दिवशी आमच्या ओसरीवर जी माणसं होती त्यांतली आता मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहून ठेवते.

लढाईचे दिवस होते. कापड रेशनवर मिळायचं आणि तेही मिळालं तर. धाड गावच्या बाजाराला बैलगाडीनं जाता येईल अशा एका लहान गावात आम्ही राहत होतो. वडील तिथल्या मराठी शाळेत मास्तर होते. गावची शीव ओलांडली की मोगलाई लागायची, म्हणजे निजामाचं राज्य. इकडची म्हैस तिकडे चरायला गेली तरी परमुलखात गेल्यासारखी तिची चर्चा व्हायची.

मी एकुलती एक. चौथी पास. डोळ्यांत भरण्याजोगं रूप नसलं तरी टाकून देण्याजोगंही नव्हतं. दोष एकच, मी उंच होते. पाहायला आलेला मुलगा बसलेला असायचा तोवर सगळं सुरळीत चालायचं. मग तो जायला उठायचा, मी नमस्कारासाठी उठायची, त्याची आई एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहायची आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी निरोप यायचा की पत्रिका जमत नाही. माझी पत्रिका कुणाशीच जमत नव्हती. शेवटी वडिलांनी ती द्यायचीच बंद केली, तरी ती जमेना.

अशात माझा मामा, म्हणजे आईचा थोरला भाऊ, एका सकाळी आला. मामा कापसाची दलाली करायचा. वऱ्हाडातलं एकही बाजाराचं गाव त्याला नवं नव्हतं. डोक्यावर लाल फेटा, तो कुठल्याही उन्हात उतरायचा नाही. त्यानं पाणीसुद्धा न पिता सांगायला सुरुवात केली.

“स्थळ आणलं, बाई. तिकडं संग्रामपूरच्या अंगाले. पोट्टा कचेरीत कारकून हाय. आन उंच हाय.”

“कितीक उंच?” आईनं विचारलं.

“दारातून वाकून येते.”

आईनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि बाहेर येऊन बसली. मामानं पुढचं सांगितलं. मुलाचे वडील मोजणीदार होते. जन्मभर शेतं मोजली, हद्दीचे दगड रोवले, आता पेन्शन घेऊन घरी बसले होते. बायको वारून बरीच वर्षं झाली होती. घरात बापलेक दोघंच.

“देण्याघेण्याचं काय म्हणतात?” वडिलांनी विचारलं.

“काईच नाई. फक्त एक अट हाय.” मामानं खिशातून रुमाल काढला, तो उलगडला आणि त्यातून कापडाचा एक तुकडा जपून ओसरीवर ठेवला. “पोरीनं त्यायच्या समोर बसून हे शिवून दाखवाव.”

तुकडा तळहाताहून थोडा मोठा होता. लाल आणि पांढऱ्या तिकोनांची भिंगरी. जत्रेत मुलं वाऱ्यावर धरतात तशी. सगळ्या तिकोनांची टोकं मधोमध एका जागी येऊन मिळाली होती, इतकी नेमकी की तिथे सुईचं टोक ठेवावं तर कुठल्या रंगावर ठेवलं हे सांगता येऊ नये.

“गोधडी?” आई म्हणाली.

“गोधडी. त्यायचं म्हणणं हाय, जिले हे जमलं तिले संसार जमला.”

आईनं तुकडा उलटा करून पाहिला. “गोधडी अंगावर घ्याची असते का भिंतीवर टांगाची?”

पण वडिलांचा चेहरा उजळला होता. इतक्या स्थळांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या विषयातला प्रश्न विचारला होता. ते म्हणाले, “ही भूमिती आहे. यात आपली मुलगी कमी पडणार नाही.”

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. वडिलांनी शाळेतून फळा, लाकडी गुण्या आणि मोठा कंपास घरी आणला. रीत त्यांनी फळ्यावर काढून समजावली आणि ती सोपीच होती. दोन सारखे चौकोन कापायचे, एक गडद, एक फिका. तोंडाला तोंड लावून एकावर एक ठेवायचे. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारायची. रेघेच्या दोन्ही अंगांना, सारखं अंतर राखून, धावदोरा घालायचा. मग रेघेवरून कात्री चालवायची. उलगडलं की दोन चौकोन हाती येतात, दोन्ही अर्धे गडद, अर्धे फिके. असे चार जोडले की भिंगरी झाली.

मी तसंच केलं. उलगडलं तर पतंग निघाला.

“लक्ष नव्हतं तुझं,” वडील म्हणाले आणि स्वतः बसले. त्यांचा शंकरपाळा निघाला. ते बराच वेळ त्या शंकरपाळ्याकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी कात्री वाकडी आहे असं ठरवलं. शेजारून दुसरी कात्री आणली. तिनंही शंकरपाळाच निघाला.

कापडाचं असं असतं की उभं किंवा आडवं ओढलं तर ते ऐकतं, तिरकं ओढलं की लांबत जातं. शिंपी त्याला उरेब म्हणतात. नेमकी आमची शिवण त्या तिरक्या रेघेवरूनच जायची, त्यामुळे हाताचा जरा दाब पडला की कोपरा कुठच्या कुठे. वडिलांना हे समजत होतं पण पटत नव्हतं.

“काटकोन हा काटकोन असतो. फळ्यावर काढला काय आणि कापडावर काढला काय.”

“मग त्या कापडाले सांगा तसं,” आई आतून म्हणायची.

आईची गोधडी निराळी होती. ठिगळावर ठिगळ, त्यावर ठिगळ, लांब लांब टाके, कुठलं टोक कुठे जातं याची कुणी चौकशी करायची नाही. त्या गोधडीत शिरलं की पौषातही घाम यायचा. तिला हा सगळा प्रकार म्हणजे ज्वारीचा दाणा न् दाणा सारख्या मापाचा निवडावा तसा वाटत होता.

मुख्य अडचण कापडाची. पहिल्यांदा आईचं चिंध्यांचं गाठोडं संपलं. मग तिचं एक विटलेलं लुगडं गेलं. मग वडिलांनी स्वतःच्या धोतराला हात घातला. आधी एका टोकाकडून थोडं, मग आणखी थोडं. पूर्वी त्यांचं धोतर पोटऱ्या झाकायचं, मग गुडघ्यांपर्यंत आलं. गावात कुणी विचारलं तर ते म्हणायचे, “लढाई चालू आहे.” लोकांना ते पटायचं.

आणि या धोतरातूनच मार्ग सापडला. शाळेसाठी आई त्यांच्या धोतराला खळ द्यायची, ज्वारीच्या पिठाची पातळ खळ. एका दिवशी वडिलांनी ताज्या खळीचं, खडखडीत वाळलेलं टोक कापलं आणि मी त्याचा तिकोन शिवला, तर चौकोन निघाला. खरा चौकोन. वडिलांनी गुण्या लावून पाहिला, उलटा करून लावला, मग अंगणात जाऊन उन्हात लावला. कडक झालेलं कापड तिरकं ओढलं तरी लांबत नव्हतं, एवढंच त्याचं कारण. पण त्या दिवशी वडिलांनी शाळा अर्ध्या दिवसानं सोडली.

त्यानंतर घरात खळीशिवाय दुसरं काही शिजेना. चुलीवर खळ, ओट्यावर खळ, दोरीवर पापडासारखी वाजणारी फडकी. वडील लोट्यात निखारे भरून त्यांना इस्त्री करायचे. एकदा घाईत आईनं त्यांच्या ताटात कढी म्हणून खळच वाढली. त्यांनी तीत भाकरी कुस्करली, सगळी खाल्ली आणि उठताना म्हणाले, “आज मीठ कमी होतं.”

मंडळी यायचा दिवस ठरला. आदल्या दिवशीच वडिलांनी उत्तम खळीचे, उत्तम कापलेले चौकोन तयार केले, सुपात रचले, वर फडकं झाकलं आणि सकाळी ते सूप ऊन लागावं म्हणून अंगणात ठेवलं.

बापलेक बुलढाण्यापर्यंत मोटारीनं आणि पुढे दमणीनं, म्हणजे छोट्या बैलगाडीनं आले. मोजणीदार बारीक अंगाचे, काळा कोट, काळी टोपी, हातात छत्री आणि काखेत पितळी कोपऱ्यांची लाकडी पेटी. मुलगा खरंच उंच होता. ओसरीवर चढताना त्याचं डोकं तुळईला असं लागलं की आत मला आवाज ऐकू आला. मला बरं वाटलं. त्याला लागलं म्हणून नव्हे, तुळईपर्यंत पोचणारा माणूस आला म्हणून.

मोजणीदार बसले नाहीत. ते ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं टाकत गेले, परत आले आणि म्हणाले, “मास्तर, ही ओसरी काटकोनात नाही.”

“आहे,” वडील म्हणाले.

मोजणीदारांनी पेटी उघडली आणि फीत काढली. तिचं एक टोक वडिलांच्या हातात दिलं. दोघं या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेले, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत गेले. मामा आणि मुलगा पाय आवरून भिंतीला चिकटून बसले. दोन्ही तिरकस मापं जुळली नाहीत. वडिलांचा चेहरा उतरला.

“घर भाड्याचं आहे,” ते म्हणाले.

मोजणीदारांचं तेवढ्यानं समाधान झालं. चहा झाला, पोहे आले, मला बोलावलं. मी मान खाली घालून पाटावर बसले. नेहमी पहिला प्रश्न नावाचा असायचा आणि मी त्याचं उत्तर पाठ करून बसायची. मोजणीदारांनी विचारलं, “दोरा एकेरी घेतेस की दुहेरी?”

“एकेरी,” मी म्हणाले.

“हं. सुरू कर.”

वडिलांनी मामाला खूण केली. मामा सूप आणायला अंगणात गेला. तो गेला आणि तिथूनच ओरडला, “अवो मास्तर, बकरीनं खाल्ले!”

“काय खाल्लं?”

“काटकोन खाल्ले हो सारे!”

आम्ही सगळे अंगणात धावलो. सूप उपडं पडलं होतं. आमची बकरी शेवटचा चौकोन चघळत उभी होती, त्याचं एक टोक तोंडाबाहेर होतं आणि ते कुडकुड वाजत होतं. ज्वारीची खळ, वरून उन्हात भाजलेली. तिला दोष कोण देणार? वडिलांनी ते टोक धरून ओढलं. बकरीनं सोडलं नाही. मोजणीदार पायरीवर उभे राहून अगदी शांतपणे म्हणाले, “राहू द्या. दुसरं कापड घ्या.”

दुसरं कापड घरात नव्हतं. अंगावर जे होतं तेवढंच. आईनं दाराआडून मामाकडे पाहिलं. वडिलांनीही मामाकडे पाहिलं. मामाचा हात फेट्याकडे गेला.

“नाई,” तो म्हणाला. “हा माह्या लग्नातला फेटा हाय.”

“भाचीच्या लग्नाचा प्रश्न हाय, दादा,” आई म्हणाली.

वडील तोवर कात्री घेऊन मामाच्या मागे उभे होते. फेट्याच्या टोकाचं हातभर कापड गेलं. उरलेला परत बांधायला मामानं नकार दिला आणि तो मांडीवर घेऊन बसला. बोडका मामा मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. पांढरं कापड वडिलांच्या उपरण्यातून निघालं.

बिनखळीचं, धुवून धुवून मऊ पडलेलं ते कापड माझ्या बोटांत मांजरीसारखं वळवळत होतं. मी रेघ मारली, टाके घातले, कापलं, उलगडलं, जोडलं. भिंगरी तयार झाली पण ती वाऱ्यात सापडलेल्या भिंगरीसारखी दिसत होती. टोकं मधोमध यायच्या ऐवजी एकमेकांना चुकवून निघून गेली होती.

मोजणीदारांनी पेटीतून भिंग काढलं. तुकडा उलटा केला आणि शिवणीबाहेर राखलेलं कापड तपासलं. त्या राखलेल्या कापडाला माया म्हणतात. ते म्हणाले, “मुलीनं माया जास्त सोडली.”

आईच्या गोधडीत ठिगळावर ठिगळ असायचं, तिथे मायेचा प्रश्नच यायचा नाही. तिला तो शब्द एकाच अर्थानं ठाऊक होता. ती दार लोटून बाहेर आली.

“माया जास्त म्हणजे? एकुलती एक लेक हाय माही. आमी तिच्यावर माया केली, तिनं आमच्यावर केली. त्यात तुमाले काऊन जास्त वाटून राह्यलं?”

मोजणीदार गोंधळले. “बाई, पाव बोट माया पुरे असते.”

“पाव बोट!” आईनं डोळ्यांना पदर लावला. “लेकराले पाव बोट माया!”

“अगं, कापडाची माया,” वडील मध्ये पडले.

“कापडाचीच करा! दोन महिने तेच करून राह्यले!” आई ढसाढसा रडायला लागली. मलाही रडू यायला हवं होतं पण मला हसू येत होतं आणि मी ते दाबायला सुई तोंडात धरली. वर पाहिलं तर मुलगा पोह्याची बशी तोंडाशी धरून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते.

इतक्यात मामा उठला. बोडक्या डोक्यानं, हातात उरलेला फेटा.

“साहेब, आमच्या पोरीची परीक्षा झाली. आता तुमच्या पोराची होऊ द्या. त्यानं शिवून दाखवाव. आमी बी पाहतो.”

आईचं रडं थांबलं. पुरुषमाणसाला, तेही पाहुण्याला, शिवायला सांगायचं म्हणजे सोयरीक मोडल्यातच जमा. वडिलांनी डोळे मिटून घेतले.

मुलानं बशी खाली ठेवली, धोतराला हात पुसले आणि कोटाच्या खिशातून शिंपी घालतात तसं धातूचं अंगुस्तान काढून बोटात घातलं.

तो पाटावर बसला आणि शिवायला लागला. काय शिवत होता! पाठ ताठ, बोटं संथ, टाके एकसारखे, जणू आधी कापडावर ठिपके होते आणि तो नुसता त्यांतून सुई नेत होता. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. त्यानं चौकोन हवे होते त्याहून मोठेच कापले होते. शिवून उलगडल्यावर त्याचेही वाकडेच निघाले, पतंग आणि शंकरपाळे. मग त्यानं वडिलांचा गुण्या मागितला, तो तिरक्या शिवणीवर बसवला आणि चारी बाजूंनी जास्तीचं कापड सरळ छाटून टाकलं. खाली नेटका चौकोन उरला. चारी जोडले. टोकं मधोमध येऊन अशी मिळाली की आईच्या तोंडून “अगं बाई” निघून गेलं.

“ही लबाडी आहे,” मोजणीदार म्हणाले.

“लबाडी नाही,” मुलगा म्हणाला. त्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

“आधी नीट मोजायचं, तेवढंच कापायचं, तेवढंच शिवायचं. चुकलं तर उसवायचं. छाटायचं नाही. उद्या शेत नकाशात बसलं नाही तर छाटशील का शेत?”

“शेत छाटता येत नाही, कापड येतं.”

“हेच! हेच म्हणतो हा वर्षानुवर्षं!” मोजणीदार वडिलांकडे वळले. “मास्तर, तुम्ही सांगा.”

वडील तत्त्वाचे. ते म्हणाले छाटणं अशुद्ध आहे. आई म्हणाली, नीट दिसते ना, मग झालं. मामा म्हणाला, छाटा का शिवा, पण माह्या फेट्याचं आता जास्त कापू नका. बापलेक तर आम्ही तिथे आहोत हेच विसरले होते. त्यांच्या बोलण्यातून हळूहळू कळलं की बायको गेल्यावर मोजणीदारांनी रिकाम्या संध्याकाळी गोधड्या शिवायला घेतल्या. मुलाला जवळ बसवून शिकवलं. नकाशे काढायचं खळीचं तलम कापड जुनं झालं की धुवून त्याचे पांढरे तिकोन करायचे. मुलगा मोठा झाला आणि छाटायला लागला. तेव्हापासून घरात हा वाद चालू होता.

मध्येच मोजणीदार थांबले आणि माझ्याकडे वळले. “तू सांग, मुली. मोजून शिवायचं की छाटायचं?”

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. सुई अजून माझ्या तोंडात होती. ती काढली आणि जे खरं होतं ते बोलून गेले.

“मला शिवायलाच आवडत नाही.”

वडिलांनी पुन्हा डोळे मिटले. मी म्हणाले, “पण यांची भिंगरी चांगली दिसते. तुम्ही पाठवली होती ती तुमची असेल तर तीही चांगली होती. यांच्यात टोकं नीट आहेत, तुमच्यात टाके नीट होते.”

मोजणीदार माझ्याजवळ येऊन उकिडवे बसले. “शिवायला अजिबात नाही आवडत?”

“नाही.”

“लग्नानंतर शिवायची इच्छा होईल असं वाटतं?”

“नाही.”

ते उठले, टोपी नीट केली आणि मामाला म्हणाले, “मुलगी पसंत आहे.” मामाचं तोंड उघडंच राहिलं. “आमच्या घरात शिवणारे दोन आहेत, तिसऱ्याला कापड कुठून आणू? पंच मात्र एकही नाही. शिवणारा माणूस पंच होऊ शकत नाही, तो आपलीच बाजू घेतो.”

“मग परीक्षा काऊन घेतली?” मामा ओरडला.

“नापास होणारी हवी होती हे आज समजलं,” मोजणीदार म्हणाले.

मुलगा निघायला उठला. मी नमस्काराला उठले. तो माझ्यापेक्षा चार बोटं उंच होता. त्यानं डोकं चोळत तुळईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि वाकून बाहेर पडला. माझी पत्रिका कुणी मागितली नाही.

अशी मी संग्रामपूरच्या बाजूला नांदायला गेले. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ आणि घरात दोन ट्रंका, एकीत सासऱ्यांच्या गोधड्या, दुसरीत यांच्या. दोन्ही एकाच खोलीत ठेवायच्या नाहीत असा नियम होता.

संध्याकाळी दिवाबत्ती व्हायच्या आधी, उजेड असेतो, दोघं आपापले तुकडे माझ्यासमोर ठेवायचे आणि मी निकाल द्यायचा. सुरुवातीला मी नवी नवरी, निकाल यांच्याच बाजूनं लागायचा. मामंजी, म्हणजे माझे सासरे, दोन-चार दिवसांनी जेवताना म्हणाले, “पंच फितूर आहे.” मला ते लागलं. मी म्हणाले, कुणाचा तुकडा कुठला ते मला सांगूच नका. पण छाटलेली कड अशी स्वच्छ असते की न सांगता कळायची. मग मामंजींनी पुठ्ठ्याची एक चौकट कापली. ती तुकड्यावर ठेवायची म्हणजे कडा झाकल्या जायच्या आणि मधलंच दिसायचं. त्या चौकटीतून मी न्याय करायला लागले.

ही बातमी गावात पसरली. दुपारच्या कामातून मोकळ्या झालेल्या बाया दारात येऊन बसायच्या. एक सासू एकदा सुनेची भाकरी घेऊन आली.

“गोल हाय का नाई तेवढं पाहून सांगा बाई. आमच्या घरी लय भांडण होऊन राह्यलं.”

मी म्हणाले, माझी चौकट चौकोनी आहे. ती म्हणाली, “असू द्या, न्याव त न्यावच असते.” मी चौकट ठेवून पाहिलं. चौकटीतून कुठलीही भाकरी गोल दिसत नाही, नुसतं मधलं पीठ दिसतं. मी सांगितलं की भाजलेली चांगली आहे. दोघी समाधानानं गेल्या आणि सासूनं वाटेत ती भाकरी मोडून सुनेला अर्धी दिली असं मागून कळलं.

यांना माझ्या निकालांचा राग यायचा नाही. मामंजींना यायचा. हरले की ते ताटावरून लवकर उठायचे, पेटी उघडून भिंगानं माझा निकाल लागलेला तुकडा पाहायचे, कधी चौकटीच्या मापाविरुद्ध तक्रार करायचे. एकदा तर ते म्हणाले की पंचाची नजर तिरकी आहे, आणि माझ्या दोन डोळ्यांमधलं अंतर फितीनं मोजायला लागले. मी मोजू दिलं. ते बरोबर निघालं, किंवा बरोबर किती असायला हवं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी फीत गुंडाळली आणि म्हणाले, “ठीक आहे, चालेल.”

लग्नाला काही वर्षं झाली होती. माझी थोरली रांगायला लागली होती. एका दुपारी हे कचेरीत गेले होते आणि मी तिला शोधत मागच्या अंगणात गेले. लिंबाखाली मामंजी पाठमोरे बसले होते. पोर त्यांच्या बाजूला बसून काहीतरी तोंडात घालत होती. जवळ जाऊन पाहिलं तर कापडाच्या बारीक पट्ट्या होत्या, केसांएवढ्या, लाल आणि पांढऱ्या. मामंजींच्या मांडीवर तिकोन, त्यावर गुण्या आणि हातात कात्री.

मी पोरीच्या तोंडातून पट्टी काढली. त्यांनी मान वळवली. तोवर त्यांची नजर मंदावली होती, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं पण कुणी बोलत नव्हतं. त्यांच्या टाक्यांना आता पहिल्यासारखी शिस्त राहिली नव्हती.

“मामंजी,” मी म्हणाले, “छाटताय?”

“छाटत नाही,” ते अगदी अधिकारानं म्हणाले. “ही दुरुस्ती आहे. मोजणीत दुरुस्तीची तरतूद असते.”

“मग ठीक आहे.”

“पंचानं नोंद घ्यावी.”

“घेतली.”

त्या संध्याकाळी मी चौकट ठेवून दोन्ही तुकडे पाहिले. यांचा चांगला होता. मामंजींचाही चांगला होता. मी मामंजींना जिंकवलं. त्यांनी निकाल शांतपणे ऐकला, पेटी उघडली नाही आणि भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

जेवणं झाल्यावर यांनी मला हळूच विचारलं, “तो तुकडा कडेला फार स्वच्छ होता. पाहिलंस का?”

मी म्हणाले, “मी चौकटीच्या आतलं पाहते. बाहेरचं पाहणं पंचाचं काम नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आत सासऱ्यांच्या खोलीकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी कचेरीतून येताना त्यांनी नवी, धारदार कात्री आणली आणि ती मामंजींच्या पेटीशेजारी ठेवून दिली.